नोंदीत मेलेली कोंबडी: क्यूबेकच्या शाँतक्लेरचं प्रकरण

जानेवारीतली सकाळ, उणे पंचवीस अंश. खुराड्यात पाण्याचं भांडं आत्ताच भरून ठेवलंय, त्यावर बर्फाची साय धरायला अजून थोडा वेळ आहे. उभ्या तुऱ्याचा लेगहॉर्न कोंबडा चोच बुडवतो आणि चोचीबरोबर गळ्याखाली लोंबणाऱ्या दोन्ही लाल लोळ्या पाण्यात बुचकळून निघतात. मान वर केली की लोळीच्या टोकाशी एक थेंब लोंबत राहतो. तो खाली पडत नाही, तिथेच गोठतो. एक-दोन दिवसांत टोक सुजतं, मग करडं होतं, मग काळं, आणि पुढे कधीतरी वाळून गळून जातं. तुऱ्याच्या दात्यांची हीच गत. तुऱ्यावर पीस नाही, आत मात्र रक्तवाहिन्यांचं दाट जाळं, त्यामुळे थंडी पहिला घास घेते तो तिथलाच. खुराडं दमट असेल तर आणखी वाईट. थंडीच्या भीतीने झरोके बंद केले की विष्ठेची आणि श्वासाची वाफ आत कोंडते आणि तीच तुऱ्यावर बसून गोठते.

हा नुसता दिसण्याचा प्रश्न नव्हे. तुरा जळालेला कोंबडा दाणा कमी खातो, काही आठवडे त्याची अंडी फळत नाहीत. कोंबडीला असा मार बसला तर ती अंडी घालायची थांबते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅनडाच्या पूर्व भागातला शेतकरी दर हिवाळ्याला हे पाहत होता. त्याच्याकडच्या कोंबड्या एक तर अमेरिकेत घडलेल्या, नाही तर युरोपातून आलेल्या. त्या हवामानासाठी कुणी एकही जात घडवलेली नव्हती.

घडवली ती कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातल्या एका मठवाशाने. तीच ही शाँतक्लेर.

ओका

माँट्रियलच्या पश्चिमेला ओटावा नदी पसरून तिचं तळं होतं, त्याच्या काठी ओका नावाचं गाव आहे. जगाने हे नाव मोठ्या आवाजात ऐकलं ते १९९० साली, मोहॉक या तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमिनीच्या संघर्षामुळे. ती वेगळी आणि जास्त गंभीर गोष्ट आहे. त्याच्या शंभर वर्षं आधी, १८८१ मध्ये, फ्रान्सहून आलेल्या त्रापिस्त पंथाच्या मठवाशांनी इथे मठ उभारला. मौन, प्रार्थना आणि अंगमेहनत असा त्यांचा नेम. त्या अंगमेहनतीतून ओकाचं चीज आलं, फळबागा आल्या आणि शेतीचं शिक्षण देणारी संस्थाही आली. शेतीशाळा चालवणारे मठवासी म्हणजे नुसते भाविक नव्हेत. वही-पेन्सिल घेऊन गोठ्यात उभे राहणारे लोक. हे या प्रकरणात महत्त्वाचं आहे.

ब्रदर विल्फ्रिड शातलँ हे मठाच्या कुक्कुटपालनाकडे बघत. १९०७ साली त्यांचे वडील मठात आले असता दोघं कोंबड्यांचे वाडे बघत फिरले आणि बोलता बोलता विषय निघाला, की इथे इतक्या जाती आहेत पण कॅनडाची म्हणावी अशी एकही नाही. अशी खंत बऱ्याच जणांना वाटते आणि संध्याकाळपर्यंत विरते. यांची विरली नाही.

हवं काय होतं ते त्यांनी आधी ठरवलं: तुरा आणि लोळ्या जवळजवळ नसल्यासारख्या, अंगावर दाट पिसं, कापल्यावर ताटात शोभेल इतकं मांस, आणि ऐन हिवाळ्यात अंडी. शेवटची अट सगळ्यांत अवघड. कोंबडीच्या अंड्यांचा कारखाना चालतो तो उजेडाच्या तासांवर. चौदा तासांच्या आसपास उजेड असला की तो जोरात असतो. डिसेंबरात माँट्रियलला दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा. (मुंबईत त्याच दिवशी अकरा तासांच्या आसपास असतो, म्हणून आपल्या गावरान कोंबडीच्या हिवाळ्याची तुलना इथे करू नये.) त्यामुळे शरद ऋतूत बहुतेक कोंबड्या पिसं झाडायच्या आणि वसंतापर्यंत सुट्टीवर जायच्या. बायका उन्हाळ्यातली अंडी सोडियम सिलिकेटच्या द्रावणात बुडवून मडक्यांत साठवून ठेवत. हिवाळ्यात ताजं अंडं विकू शकणाऱ्याला भाव मिळे.

पाच जातींची खिचडी, आणि त्यातला एक दाणा आपला

कृती नोंदलेली आहे, आणि ती वाचताना त्या माणसाची चिकाटी दिसते. पहिल्या हंगामात दोन जोड्या लावल्या. एकीकडे डार्क कॉर्निश कोंबडा आणि व्हाइट लेगहॉर्न कोंबडी. दुसरीकडे ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि व्हाइट वायंडॉट कोंबडी. १९०९ मध्ये पहिल्या जोडीच्या तलंगा (तरुण माद्या) दुसऱ्या जोडीच्या नरांना दिल्या. त्यातून निघालेल्या निवडक तलंगांना व्हाइट प्लिमथ रॉक कोंबडा लावला. पुढे नवं रक्त नाही. फक्त निवड, वर्षामागून वर्ष.

प्रत्येकाकडून काय घ्यायचं ते स्पष्ट होतं. लेगहॉर्नकडून अंड्यांची संख्या, ऱ्होड आयलंड रेडकडून काटकपणा आणि तपकिरी अंडं, प्लिमथ रॉककडून आकार, वायंडॉटकडून दाट पिसं आणि डोक्याला चिकटलेला बसका तुरा, आणि कॉर्निशकडून रुंद छाती व आणखी एक बुटका तुरा.

कॉर्निशपाशी जरा थांबायला हवं. इंग्लंडात या जातीला आजही ‘इंडियन गेम’ म्हणतात. कॉर्नवॉलमध्ये ती घडली, आणि तिच्या जन्माशी बंगालच्या लष्करात नोकरी केलेल्या सर वॉल्टर गिल्बर्ट यांचं नाव जोडलं जातं. तिच्या रक्तात आपली असील आहे. असील म्हणजे झुंजीची जात, गडचिरोली-चंद्रपूरकडच्या कोंबडबाजारात ज्या बांध्याच्या कोंबड्यावर नजरा लागतात तो बांधा. झुंजीच्या कोंबड्याला मोठा तुरा परवडत नाही. प्रतिस्पर्ध्याला चोचीत धरायला ती आयती मूठ होते. म्हणून असीलचा तुरा तीन बारीक कडांचा, डोक्यालगत, वाटाण्याच्या शेंगेसारखा: त्याला वाटाणा तुराच म्हणतात. भर उन्हाळ्याच्या देशात रक्तबंबाळ होऊ नये म्हणून जपलेला तो तुरा इंग्लंडमार्गे क्यूबेकच्या बर्फात पोचला आणि तिथे वेगळ्याच शत्रूविरुद्ध कामी आला. या सगळ्या कथेत मला सर्वांत आवडणारी गोष्ट ही.

वायंडॉटचा तुरा गुलाब तुरा, कॉर्निशचा वाटाणा तुरा. हे दोन एका पक्ष्यात आले की तिसराच आकार निघतो, हे केंब्रिजला बेटसन आणि पनेट या आनुवंशिकीच्या अभ्यासकांनी त्याच दशकात दाखवलं होतं. जीवशास्त्राच्या पुस्तकात ‘अक्रोड तुरा’ म्हणून जे चित्र असतं ते हेच. शाँतक्लेरचा तुरा त्याच कुळातला, पण आणखी लहान आणि गुळगुळीत, कपाळावर ठेवलेल्या बटणाएवढ्या गादीसारखा. लोळ्या इतक्या आखूड, की पाणी पिताना त्या बुडायचा प्रश्नच मिटतो. आता आपल्याला माहीत आहे की वाटाणा तुऱ्यामागे सॉक्स-५ नावाच्या जनुकातली पुनरावृत्ती आहे आणि गुलाब तुऱ्यामागे सातव्या गुणसूत्राचा उलटा फिरलेला तुकडा. दुसऱ्याची एक खोडही माहीत आहे: आई आणि बाप दोघांकडून गुलाब तुरा आलेल्या कोंबड्याचं फलन मंद असतं. विल्फ्रिड यांच्याजवळ यातलं काही नव्हतं. त्यांच्याजवळ वही होती आणि सुरी होती.

आणि सुरी बरीच चालली असणार. पाचपैकी तीन जातींचा (लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड, प्लिमथ रॉक) तुरा उभा, एकेरी, दात्यांचा. हा गुण दबून राहणारा. दोन पिढ्या दिसणार नाही आणि तिसऱ्या पिढीत पिल्लाच्या डोक्यावर ताठ उभा. रंगाचंही तसंच: एक पूर्वज गडद, एक लाल, तीन पांढरे. त्यातून पांढराशुभ्र पक्षी स्थिर करायचा, कारण पांढऱ्या पिसांची खुंटं सोललेल्या कोंबडीच्या पिवळ्या कातडीवर डाग पाडत नाहीत.

१९१८ साली ही कोंबडी लोकांपुढे आली. १९२१ मध्ये अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने तिला आपल्या प्रमाणग्रंथात, म्हणजे मान्य जातींच्या अधिकृत पुस्तकात, जागा दिली. कोंबडा पावणेचार-चार किलोचा, कोंबडी तीन किलोच्या आतबाहेर. नाव ठेवलं ‘शाँतक्लेर’: मध्ययुगीन फ्रेंच गोष्टींत रेनार कोल्ह्याशी गाठ पडणारा कोंबडा या नावाचा, आणि शब्दशः अर्थ ‘गा, स्पष्ट’. मराठी कानाला त्यात ‘शांत’ ऐकू येतं. मौनव्रती मठात घडलेल्या पक्ष्याला दोन्ही अर्थ चालून जावेत.

यश मिळालं की नक्कल होते. पश्चिमेला अल्बर्टात डॉ. जे. ई. विल्किन्सन यांनी वेगळ्याच जाती एकत्र करून (त्यात पार्ट्रिज वायंडॉट, कोचीन, आणि पुन्हा डार्क कॉर्निश) तितराच्या रंगाची, थंडीला तशीच टिकणारी कोंबडी तयार केली. त्यांना ती ‘अल्बर्टन’ नावाने हवी होती. १९३५ साली मान्यता मिळाली ती मात्र ‘पार्ट्रिज शाँतक्लेर’ म्हणून. म्हणजे एका नावाखाली दोन निराळ्या वंशावळी. नोंदवहीच्या दृष्टीने सोय, वंशशास्त्राच्या दृष्टीने गोंधळ, आणि तो गोंधळ पुढे उपयोगी पडला.

प्रश्नच नाहीसा झाला

इथून उतरण सुरू होते, आणि त्यात खलनायक शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. शाँतक्लेर जे काम करायला जन्मली, ते काम दुसऱ्या गोष्टी करू लागल्या. खुराड्यात विजेचा दिवा लागला आणि डिसेंबरचा दिवस बटण दाबून चौदा तासांचा झाला. १९२० च्या दशकात ड जीवनसत्त्वाचा उलगडा झाला; खाद्यात कॉड माशाचं तेल घातलं की पिल्लं उन्हाशिवायही पाय वाकडे न होता वाढू लागली, म्हणजे हिवाळाभर आत ठेवता येऊ लागली. शेड बंदिस्त झाल्या, तापमान राखता आलं. जिथे बर्फच आत येत नाही तिथे तुरा लहान असला काय आणि मोठा असला काय.

मग महायुद्धानंतर संकर आले. मांसाच्या पक्ष्यासाठी कॉर्निश नर आणि व्हाइट रॉक मादी हे सूत्र बसलं. पांढऱ्या अंड्यासाठी लेगहॉर्न. तपकिरी अंड्यासाठी बऱ्याच अंशी ऱ्होड आयलंड रेड. नावं ओळखीची वाटतात ना? विल्फ्रिड यांनी एका पक्ष्यात जे पाच पूर्वज एकत्र आणले, उद्योगाने त्यातलेच चार वेगवेगळे करून प्रत्येकाकडून एकच काम टोकाला नेलं. शाँतक्लेर वर्षाला दीडशे-दोनशे अंडी देते. शेडमधली लेअर तीनशेच्या वर जाते. शाँतक्लेरचा कोंबडा सुरीजोगा व्हायला तीन-चार महिने घेतो, ब्रॉयलर सहा आठवड्यांत तयार. दोन्ही कामं बरी करणारी कोंबडी हिशेबात दोन्हीकडे हरते. आपल्या पोल्ट्रीवाल्यांना हे सांगायला नको.

१९६० च्या दशकात ओकाची शेतीसंस्था बंद झाली. १९७० च्या दशकात कॅनडात अंड्यांना आणि कोंबड्यांना कोटा पद्धत लागू झाली. मोठ्या संख्येने पाळायचं तर कोटा विकत घ्यायचा, आणि महागाचा कोटा घेतलेला माणूस त्यावर दीडशे अंड्यांची कोंबडी कशाला बसवेल? जात छापील प्रमाणग्रंथात होती आणि संस्थांच्या पिंजऱ्यांत थोडीफार. १९७९ साली सस्कॅचवान विद्यापीठातली पैदास संपली. ती ज्ञात असलेली शेवटची. शाँतक्लेर नामशेष झाली, असं धरून चालले.

ज्यांना कुणी विचारलं नाही

नामशेष झाली नव्हती. पुढच्या काही वर्षांत जुन्या जातींमागे लागलेल्या हौशी लोकांनी शोध घेतला तेव्हा ती शेतांवर सापडली, विशेषतः पश्चिमेकडे, अल्बर्टात: पाच-पंधरा पक्ष्यांचे कळप, म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या दारात. त्यांनी ती जतन वगैरे केली नव्हती. त्यांच्याकडे ती होती आणि हिवाळ्यात दिवा न लावता अंडी देत होती, एवढंच. त्यांची कोंबडी मेल्याचं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं.

या प्रकरणात खरी फसलेली गोष्ट माझ्या मते इथे आहे: मोजणी. विद्यापीठ, प्रदर्शन, हॅचरीचा कॅटलॉग, इथे जे दिसतं तेच अस्तित्वात आहे असं धरलं गेलं. परसातला पक्षी या तिन्ही ठिकाणी जात नाही. आपल्याकडेही ‘गावरान’ या एका शब्दात किती निराळ्या कोंबड्या कोंबलेल्या आहेत ते बघा. ज्या वस्तूला नाव नाही तिची संख्या लिहायला रकानाच नसतो.

अर्थात सापडलेल्या सगळ्या कोंबड्या शंभर नंबरी होत्या असं समजायचं कारण नाही. दारातल्या कळपात शेजारचा कोंबडा कुंपण ओलांडून येतोच. ज्यांच्याकडे तितराच्या रंगाच्या होत्या त्यांची वंशावळ मुळातच विल्किन्सन यांची. विल्फ्रिड यांच्या पांढऱ्या रक्ताचा अंश किती, हा वाद तेव्हा होता आणि संपण्यासारखा नाही. काहींचं म्हणणं, कृती कागदावर आहे, पाचही जाती हयात आहेत, पुन्हा घडवा. तसं करता येतं; पण तेव्हाचा लेगहॉर्न आणि आजचा लेगहॉर्न एक नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या पिठाची भाकरी आजच्या पिठाने थापण्यातला प्रकार. मला विचाराल तर दारातली, किंचित भेसळ असलेली, पण साठ हिवाळे प्रत्यक्ष काढलेली कोंबडी जास्त खरी.

डिसेंबर १९९९ मध्ये क्यूबेकने कायदा करून तीन जनावरांना प्रांताच्या शेती-वारशाचा दर्जा दिला: कॅनेडियन घोडा, कॅनेडियन गाय आणि शाँतक्लेर कोंबडी. घोडा आणि गाय तीनशे वर्षांच्या. त्यांच्या पंगतीत ही ऐंशी वर्षांची पोर. मान मोठा. पण कायद्याने कुणाच्या खुराड्यात पिल्लं उबत नाहीत.

अकरा पक्ष्यांचं गणित

आज ही जात टिकवणाऱ्यांसमोरची अडचण थंडी नाही, कोंबड्यांची संख्या आहे. इथे कोंबडे म्हणजे नर.

समजा दारात अकरा पक्षी आहेत: एक कोंबडा, दहा कोंबड्या. शहाणा शेतकरी असाच कळप ठेवतो, कारण जास्तीचा नर दाणे खातो, भांडतो आणि अंडी देत नाही. पण रक्ताच्या हिशेबात पुढच्या पिढीचं निम्मं वारसाधन त्या एकाकडून येतं. प्रभावी संख्येचं सूत्र साधं आहे: नर गुणिले मादी गुणिले चार, भागिले एकूण. म्हणजे चाळीस भागिले अकरा, साडेतीनच्या थोडं वर. कळप दिसतो अकराचा, वागतो साडेतीन-पावणेचारांचा. एका पिढीत जवळजवळ चौदा टक्के अंतःप्रजनन वाढतं. आणि तेच अकरा पक्षी पाच नर, सहा माद्या असे ठेवले तर आकडा अकराला टेकतो आणि वाढ साडेचार टक्क्यांवर येते.

पाच नर सहा माद्यांच्या पाठीवर. ज्याने कोंबड्या पाळल्यात त्याला हे वाचताच कोंबड्यांच्या पाठीवरची उपटलेली पिसं दिसली असतील. म्हणून प्रत्यक्षात नरांचे वेगवेगळे वाडे करतात, किंवा दोन-तीन पाळणारे आपसात कोंबडे बदलतात: माझा तुझ्याकडे, तुझा तिसऱ्याकडे, तिसऱ्याचा माझ्याकडे. क्यूबेक आणि ओंटारिओत अंड्याच्या कोंबड्या ठरावीक संख्येच्या आत असल्या तर कोटा लागत नाही, आणि या जातीचे बहुतेक कळप त्या मर्यादेतच बसतात. म्हणून तिचं भवितव्य असं हातोहात फिरणाऱ्या पिंजऱ्यांवर आहे.

उरलेले नर विकावे लागतात, आणि तेही खाण्यासाठी. महिनोन् महिने दाणे खाल्लेला पक्षी ब्रॉयलरच्या भावात जाऊच शकत नाही. त्याला चव ओळखणारं गिऱ्हाईक लागतं. स्लो फूड या पारंपरिक खाद्य जपणाऱ्या चळवळीने तिला आपल्या यादीत घेतलं त्याचा उपयोग इथे होतो. नाव निघतं, हॉटेलवाला विचारतो, चार पैसे जास्त मिळतात.

आपल्याकडे कुणी हे वाचून शाँतक्लेरची उबवणूक अंडी कुठे मिळतील असं विचारायच्या आत सांगतो: नको. कडकनाथच्या लाटेत झाबुआच्या डोंगरातल्या पक्ष्याचं काय काय करून झालं ते आपण पाहिलंय. कोंबडीला घाम येत नाही; मोठा तुरा आणि लोंबत्या लोळ्या तिच्या अंगातली उष्णता बाहेर टाकतात. शाँतक्लेरच्या अंगावर दाट पिसांची रजई आणि डोक्यावर उष्णता सोडायला बटणाएवढी जागा. अकोल्याच्या मे महिन्यात ती दुपार बघेल की नाही, शंका आहे. आपल्याकडे या प्रकरणातला जो भाग आहे तो इथेच आहे, असीलच्या कपाळावर, आणि त्याची पैदास मुख्यतः झुंजीवाल्यांच्या हातात आहे.

तिकडे वसंतात उबवणूक यंत्रं उघडतात. पिवळी, ओलसर पिल्लं खोक्यात ओतली की पाळणारा आधी पाय बघत नाही, डोळे बघत नाही. एकेकाला मुठीत धरून अंगठ्याने कपाळावरची लव मागे सारतो. बहुतेकांच्या चोचीमागे रुंद, सपाट ठिपका असतो. शंभरातल्या एखाद्याला मधोमध बारीक उभी रेघ निघते, करवतीच्या पात्यासारखी. लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड किंवा प्लिमथ रॉक, तिघांपैकी कुणीतरी शंभर वर्षांनी वर आलेलं. त्या पिल्लाच्या पायाला तो वेगळ्या रंगाची कडी अडकवतो. ते वाढवायचं, पण खाण्यासाठी.